कलमभाऊ

बीबीच्या स्टँडवर कुत्र्याचा विषय काढण्याआधी मागच्या बाकावर कलमभाऊ नाहीत ना, हे बघून घ्यावं. असले तर तुमचा चहा थंड झालाच म्हणून समजा. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची, मोकाट कुत्र्याची ग्रामपंचायतीची. मारायचं नाही, धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि उचललं तिथंच आणून सोडायचं. २००१ चे नियम गेले, मार्च २०२३ मध्ये नवे आले. सगळं तोंडपाठ. भाऊ नियम वाचतात तेही सातबारा वाचावा तसे, आधी ‘इतर हक्क’ बघून.

घोळ एवढाच, की आमच्या गावात कुत्रं धड पाळीव नसतं, धड मोकाट नसतं. भाकरीच्या वेळी ते कुणाचं तरी असतं आणि चावलं की कुणाचंच नसतं. भाऊंच्या ओट्याखाली झोपणारा टिप्या त्यातलाच. त्याला टिप्या हे नाव भाऊंनीच ठेवलं, हे गावाला माहीत आहे. तरी दूध घालायला येणाऱ्या पोराच्या पोटरीला तो डसला, तेव्हा भाऊ ओट्यावरूनच म्हणाले, “कुत्रं माहं नाही. ओटा माहा हाये, खालची सावली सरकारची.” पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, हे त्यांना पक्कं ठाऊक. टिप्या मोकाट झाला तो त्या क्षणी.

वहिनींना कलम ठाऊक नव्हतं. त्यांनी पोराला दंडाला धरून नळाखाली नेलं, कपड्याचा साबण घेतला आणि पोटरी धूत बसल्या. कुणी चुना घेऊन आला, कुणी तिखट. दोघांनाही त्यांनी आल्या पावली परत पाठवलं. पंधरा मिनिटं साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायचं असतं. तेवढ्यात भाऊंची दोन पोटकलमं सांगून झाली.

दवाखान्यात मात्र भाऊ सोबत गेले. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, असा दम पोराला त्यांनी वाटेतच भरला होता. तो जमाना गेला. आता दंडात टोचतात, शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सिस्टर म्हणाल्या, “आजचा दिवस शून्य.” भाऊ अडले. “शून्यावा दिवस कोणत्या पंचांगात हाये, मॅडम?” त्यावर हुज्जत चालली असतानाच पोराला टोचूनही झालं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, असंही सिस्टरनी सांगितलं. भाऊंच्या मते ते काम ग्रामपंचायतीचं. ठेवली वहिनींनी. दहाव्या दिवशीही टिप्या ठणठणीत होता.

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली. आदेश दिल्लीचा, पण टेम्पोचं भाडं भाऊंनी बीबीत विचारलं. २२ ऑगस्टला आदेश बदलला: पिसाळलेली नि आक्रमक वगळून बाकीची लस-नसबंदी करून जागच्या जागी सोडा. टेम्पो रद्द. खरं संकट आलं ७ नोव्हेंबरला. शाळा, दवाखाने, बसस्टँड इथली कुत्री हलवा आणि पुन्हा तिथं सोडू नका! आणि टिप्या तर रोज सकाळी भाऊंच्या मागोमाग स्टँडवर हजर.

दुसऱ्या दिवशी टिप्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी होती. “हा पाळीव हाये,” भाऊंनी विचारल्याशिवायच सांगून टाकलं.

पुढे गावात लसीकरण लागलं. भाऊ टिप्याला ओढत, मागून वहिनी मांजर घेऊन. मांजर पोत्यात, पोत्याचं तोंड सुतळीने आवळलेलं आणि आतून असा काही आवाज, की रांगेतली चार कुत्री मागे सरली.

“मांजराले काऊन आणलं?” भाऊ वैतागले. “त्याले कोणतं कलम हाये?”

“कलम नसन,” वहिनी म्हणाल्या, “दात तं हायेत ना?”

रेबीज मांजरालाही होतो, त्याच्या चाव्यातून माणसालाही होतो, असं डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, आणि रजिस्टर पुढे ओढलं.

“कुत्र्याच्या मालकाचं नाव?”

भाऊंनी दोरीकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, शेजारी उभ्या दूधवाल्या पोराच्या पोटरीकडेही पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “बाईचं लिवा. घर बाईच्या नावावर घेतलं तं मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट हाये.”