थंडी घ्या, थंडी!

थंडी गरिबाने सोसायची आणि श्रीमंताने पैसे मोजून विकत घ्यायची, हा व्यवहार जगाला शिकवला तो स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झने. गाव एंगाडिन खोऱ्यात, सुमारे 1,800 मीटर उंचीवर. तिथे धड काही पिकत नसे. खोऱ्यातली पोरं पोटासाठी पार व्हेनिसपर्यंत जाऊन मिठाया बनवायची.

मग योहानेस बाडरुट नावाचे हॉटेलवाले अवतरले. 1864 साली उन्हाळा संपवून निघालेल्या इंग्रज पाहुण्यांना त्यांनी पैजेवर अडवलं, अशी कथा आहे. हिवाळ्यात या, ऊन मिळालं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा! इंग्रज माणूस, फुकटाचं नाव ऐकून नाताळला हजर झाला आणि ईस्टरला रापलेल्या तोंडाने परतला. बाडरुटांना दमडी द्यावी लागली नाही. तेव्हापासून गावाने ऊनही विकायला काढलं. सूर्याचं चिन्ह 1930 च्या दशकातच नोंदवलं, पुढे गावाच्या नावाचाही ट्रेडमार्क झाला. इथल्या कोरड्या हवेला ‘शॅम्पेन क्लायमेट’ म्हणतात. हवेला असं नाव पडलं की चहाच्या बिलाबद्दल तक्रार करायला तोंड उरत नाही.

खेळांचं म्हणाल, तर 1928 आणि 1948 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक या गावात झाली. पण गावाचा खरा स्वभाव कळतो क्रेस्टा रनवर. लोखंडी सांगाड्यावर पालथं पडायचं, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून चार बोटं वर, आणि ताशी शंभराहून जास्त किलोमीटरच्या वेगाने उतारावरून सुटायचं. ब्रेक नाही. बुटांच्या टोकांना लोखंडी दात असतात, ते बर्फात रुतवून जमेल तेवढं थांबायचं. ‘शटलकॉक’ नावाच्या वळणावर बरेच जण बाहेर फेकले जातात आणि खाली पसरलेल्या गवतात आपटतात. त्यांच्यासाठी वेगळा शटलकॉक क्लब आहे, त्याचा टायही मिळतो. आपटल्याबद्दल टाय! हा खेळ बायकांना झेपायचा नाही, असं क्रेस्टा चालवणाऱ्या क्लबाने 1929 मध्ये ठरवलं. त्याआधी त्या खेळतच होत्या, ही गोष्ट आड आली नाही. बंदी उठली 2018 साली. बर्फ वितळायला वेळ लागतो म्हणतात, तो हाच.

शेजारची बॉबस्लेची घसरपट्टी 1,722 मीटरची. दर हिवाळ्यात बर्फ आणि पाणी कालवून कारागीर ती हाताने नव्याने बांधतात आणि वसंतात ती वाहून जाते. दरवर्षी बांधायचं आणि दरवर्षी वाहून जाऊ द्यायचं, हे आपल्या रस्त्यांच्या कंत्राटदारांना कधीचं जमलंय. फक्त ते उघडपणे सांगून कौतुक करून घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

फेब्रुवारीत गोठलेल्या सरोवरावर घोड्यांच्या शर्यती लागतात, 1907 पासून. त्यातली एक शर्यत बघावीच. घोड्यावर स्वार नसतो. तो मागे स्कीवर उभा राहून, लगाम धरून, तोंडावर बर्फाचे गोळे झेलत फरफटत येतो. काठावर फरकोट घातलेली मंडळी शॅम्पेन पीत उभी असतात. आपला घोडा कितवा आला याहून आपण कुणाशेजारी उभे आहोत, याची त्यांना जास्त काळजी. आणि वरच्या उतारांवर निसर्गाने माल कमी पाठवला, तर बर्फ फवारणाऱ्या तोफा आहेतच. विकलेलं पुरवलं पाहिजे!

आपल्या मराठी सहली सहसा टिटलिसवर बर्फाचे गोळे फेकून, शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांशेजारी फोटो काढून परततात. त्यांनी काही फार गमावलेलं नाही. तरीही जायचंच असेल, तर ग्लेशियर एक्स्प्रेसच्या नादी लागू नका. झेरमाटहून सेंट मॉरिट्झला यायला ती आठ तास घेते आणि ‘जगातली सर्वांत संथ एक्स्प्रेस’ अशी स्वतःची जाहिरात करते. वर आरक्षणाचे पैसे वेगळे. कूरहून साधी गाडी पकडा. लांडवासरचा 65 मीटर उंच पूल, त्यावरून थेट कड्यातल्या बोगद्यात शिरणारे रूळ, सगळं तेच. युनेस्कोने 2008 मध्ये वारसा म्हणून नोंदवलेला मार्गही तोच. गावात उतरलात की सरोवराकाठी हवं तेवढं चाला, त्याला पैसे पडत नाहीत. चहा मात्र थर्मासमध्ये भरून न्या.