हात मोकळे दिसू देऊ नका

लोकरकाकूंना माणसाचं तोंड नंतर दिसतं, आधी हात दिसतात. हात मोकळे दिसले की लोकरीची लडी त्यांत पडलीच म्हणून समजा. "हात पुढं कर की रे. हां. अंगठे वर. आता हलायचं नाही."

अशा काकू गावोगाव असतात, पण आमच्या येरमाळ्याच्या काकूंना भूगोलाचीही साथ आहे. सोलापूर-धुळे महामार्ग गावावरून जातो, कळंब-बार्शी रस्ता त्याला इथंच छेदतो आणि काकूंचा ओटा ऐन वाटेवर. शिवाय चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा, म्हणजे घराघरांत पाहुणे. बाहेर ऊन रणरणतंय, लाइट गेलीय आणि सोलापूरचे जावईबापू मनगटांवर लोकर पांघरून बसलेत! थंडी काय सांगून येते का, हा काकूंचा सवाल.

लडी धरलेल्या माणसाला नाकावरची माशीसुद्धा हाकलता येत नाही. काकू नेमकं याच वेळी पगार विचारतात. मग थोरल्या मुलीचं कुठं जमलं का, वाटणीचं काय झालं, बांधावरचा आंबा कुणाकडं गेला. गुंडा सैलच वळायचा असतो. घट्ट वळला की लोकर ताणते आणि विणलेलं पहिल्या धुण्यात आखडतं. हे शास्त्र खरं आहे. पण सगळी वाटणी सांगून झाली तरी गुंडा लिंबाएवढाच का असतो, हे त्या शास्त्रात बसत नाही.

लडीला जागोजागी दोरे बांधलेले असतात. लडी हातांवर नीट पसरली की मगच ते तोडायचे. एखादा हुशार पाहुणा ते आधीच तोडतो आणि मग जो गुंता होतो, त्याभोवती सगळं घर गोळा होतं. एक जण म्हणतो ओढ, दुसरा म्हणतो सोड, तिसरा न विचारता टोक शोधायला लागतो आणि त्याला तीन टोकं सापडतात. खरं तर ओढायचं कधीच नसतं. फास सैल करत टोक त्यातून काढायचं असतं. नव्या सुनेनं एकदा "कात्री आणू का?" असं विचारलं, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती कुणी गेल्यावरही पसरत नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आले. काकूंनी ते जोडलेले हात वीतभर फाकवले आणि लडी चढवली. तेवढ्यात विरोधी पॅनलचे आले. काकूंकडं दुसरी लडी होतीच. मत कुणाला दिलं ते काकूंनी अजून सांगितलेलं नाही; एकाचा हात फार थरथरत होता, एवढंच सांगतात.

अलीकडं लुधियानाकडची लोकर तयार गुंड्यांतच येते. बाजारातून कुणी तशी आणून दिली तेव्हा काकूंचा चेहरा पडला. घोंगडीची दख्खनी मेंढीची लोकर चालली असती, पण ती तान्ह्या बाळाला बोचते. शेवटी त्यांनी नातवाचा विणून झालेला स्वेटर उसवला. लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यातून काढली, वळ्या जाव्यात म्हणून खाली वजन बांधून वाळवली आणि ओट्यावर येऊन बसल्या. हा स्वेटर असा किती वेळा उसवला, ते विचारू नये. नातू आता दहावीला आहे.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते आणि भाविक रानात चुन्याचे खडे वेचतात. तुम्हीही या, जरूर वेचा. मात्र परतताना खडे पिशवीत टाकू नका. काकूंचं घर ओलांडेपर्यंत दोन्ही मुठींत घट्ट धरा, आणि पाणी प्यायला बोलावलं तर तहान नाही म्हणून सांगा.