बदकवेल आणि मेलेली घूस

फाटकाशी लोकांनी थबकावं, एवढ्याचसाठी मी बदकवेल लावली. गल्लीत सगळ्यांकडं मधुमालती. आपलं निदान अमेरिकेचं असावं! तीन वर्षं मांडवावर नुसती पानं. मग कळ्या आल्या, हुबेहूब मान वाकवून बसलेली बदकं. मी नात्यातल्या झाडून सगळ्यांना फोटो पाठवले आणि शेजाऱ्यांना रविवारी चहाला बोलावलं.

शनिवारी सकाळी वास सुटला. शेजारच्या काकी भिंतीवरून म्हणाल्या, "काय मेलंय काय वो तुमच्यात?" घूसच असणार असं ठरलं. बायकोनं फिनेल ओतलं, मी कपाट सरकवून कंबर धरून बसलो. दुपारी अंगणात माश्या घोंगावताना दिसल्या, तेव्हा उलगडा झाला. माझं बदक उमललं होतं.

रविवारी मी पाहुण्यांचा पाऊण तास खाल्ला, आता तुमचा थोडा खातो. कुजक्या वासाला भुलून माशी फुलाच्या नळीत शिरते. आतले केस असे वळलेले की जाता येतं, परतता येत नाही. रात्रीचा मुक्काम सक्तीचा. तिनं दुसरीकडून आणलेला पराग फूल आधी ठेवून घेतं, मग स्वतःचा तिच्या अंगावर उधळतं. केस सुकतात आणि दुसऱ्या दिवशी बाई बाहेर पडतात, पट्टणकोडोलीच्या जत्रेतून भंडाऱ्यात माखून आल्यासारख्या. आणि थेट पुढच्या फुलात! अद्दल म्हणून घडत नाही. (मीही दुसरं रोप सांगून ठेवलंय.)

काकींची नात वनस्पतीशास्त्र शिकते. ती म्हणाली, "काका, हे आपली कंदीलपुष्पंपण करतात की." शिवाजी विद्यापीठाच्या बागेत डॉ. एस. आर. यादवांनी ती जपलीत. त्यातल्या कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर जगात कुठंच नाहीत. इवलासा कंदील, माशी कोंडायची तीच युक्ती, आणि शेजाऱ्यांना कसला उपद्रव नाही.

मी गप्प झालो. म्हणजे आमची खरपुडी! आजोळी पन्हाळ्याच्या बाजूला आम्ही पोरं तिचे कंद काठीनं उकरायचो, चड्डीला पुसायचो आणि तिथंच खायचो. करकरीत, पाणीदार. कंद खाल्ला की वेल संपली, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिचं फूल मी कधी नीट पाहिलेलंच नाही.

येत्या आठवड्यात बदकवेलीच्या आणखी चार कळ्या उमलतील. बघायला जरूर या, फक्त दुसऱ्या दिवशी या. तोवर वास उतरलेला असतो.