काकूंच्या नातवाचं झाड

ब्रह्मपुरीवाल्या काकूंच्या नातवाच्या नावानं परदेशात दोन झाडं लागली, ही बातमी आमच्या चंद्रपुरातल्या तुकुमच्या गल्लीला आता पाठ झाली आहे. लेक-जावई कार्डिफला असतात. वेल्स सरकारचा तसा नेमच आहे. 2008 पासून तिथं जन्मलेल्या किंवा दत्तक घेतलेल्या प्रत्येक बाळामागे एक झाड वेल्समध्ये लावतात, आणि 2014 पासून आणखी एक युगांडातल्या म्बाले भागात. बाळाच्या नावाचं प्रमाणपत्र घरी येतं. काकूंनी त्याचा फोटो मागवून, लॅमिनेट करून टीव्हीशेजारी लावला आहे, गजानन महाराजांच्या जरासा खाली.

"आमच्या पोराच्या जन्माच्या दाखल्याले मी किती चकरा मारल्या, ते मलेच माहीत," काकू म्हणाल्या. "अन् तिथं मागितलं नाई, त सरकारनं झाड लावून कागद घरी धाडला!"

"पन युगांडात काहून?" ताटव्यापलीकडून वहिनींनी विचारलं. "आपल्या घरी बाळ झालं त आपल्या वावरात झाड लावावं. दुसऱ्याच्या वावरात कशाले?"

वहिनींचं माहेर धानोऱ्याकडचं. झाडाबद्दल कुणी काही सांगायला लागलं, की त्यांना आधी संशय येतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. भूगोल शिकवण्यात जन्म गेला असल्यामुळे असले प्रश्न गल्लीत माझ्याकडेच वळतात.

मग मी सांगितलं. म्बाले हा एल्गॉन डोंगराच्या पायथ्याचा मुलूख. माणसं वाढली, उतारावरचं रान तुटत गेलं, आणि पाऊस पडायचा तर एकदम कोसळायला लागला. मार्च 2010 मध्ये तिथल्या बुदुदा भागात डोंगर खचून वस्त्या गाडल्या गेल्या. वेल्सचा तिथला संबंध त्याआधीचा. पाँटिप्रिड नावाच्या गावच्या लोकांनी म्बालेशी आधी नातं जोडलं, आणि झाडांचा मोठा कार्यक्रम त्यातून वाढला. रोपवाटिका तिथलीच माणसं चालवतात, शेतकऱ्यांना रोपं फुकट मिळतात. पहिलं उद्दिष्ट 1 कोटी झाडांचं होतं. ते गाठल्यावर अडीच कोटींचं धरलं.

"कोटी-कोटीचं आमाले नका सांगू बाई," वहिनी हसल्या. "आपल्याकडं 1 जुलै 2016 ले दोन कोटी लावली. मग चार, मग तेरा, मग तेहतीस. वनमंत्री बी आपल्याच जिल्ह्यातले होते. जगली किती, ते सांगा."

यावर काकूंनी विषय बदलला. नात्यागोत्यात राजकारण आलं की त्या तो बदलतातच.

पण मला पाँटिप्रिड सुटेना. ते गाव साउथ वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांतलं. आपलं घुग्घुस, बल्लारपूर तसंच ते. एके काळी जगभरच्या आगबोटी त्या कोळशावर चालल्या. त्याच खोऱ्यांत अॅबरफॅन आहे. 21 ऑक्टोबर 1966 ला खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर पावसानं ओला होऊन खाली घसरला आणि शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यात 116 लेकरं. डोंगर घसरणं म्हणजे काय हे त्या लोकांना म्बालेहून कळवावं लागलं नसेल.

काकूंचा हात प्रमाणपत्राच्या फोटोकडे गेला होता, तो तसाच राहिला. "शाळेवर?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आपल्या खाणींचे ढीग बी काय कमी आहेत का?"

कमी नाहीत. 2022 च्या जुलैत इरई आणि वर्धा नद्या शहरात शिरल्या, तेव्हा आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत पाणी होतं, आणि जो तो नदीकाठच्या त्या ढिगांकडेच बोट दाखवत होता. त्याआधी ऑगस्ट 2020 मध्ये गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेनं काकूंच्या ब्रह्मपुरीकडची गावं बुडवली. भामरागडला तर पर्लकोटा नदी चढली की जगाशी संबंधच तुटतो. उन्हाळ्याचं मी काय सांगू! पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला जातो आणि देशभरचे वार्ताहर आमची विचारपूस करतात. 2,920 मेगावॅटचं वीज केंद्र आमच्या उशाशी. धूर इथं, दिवे राज्यभर.

"मंग मुंबईवाल्यांनी लावावं ना झाड!" काकूंना एकदम सुचलं. "तिथं बाळ झालं, त एक झाड चंद्रपुरात. बाळाच्या नावानं."

कल्पना वाईट नाही, आणि मला वाटतं वेल्सच्या नेमापेक्षा हिशेबाला जास्त चोख आहे. पण असल्या जोड्या आपल्याकडे मोठ्या शहरांच्याच जमतात. पुण्याचं जर्मनीतल्या ब्रेमेनशी सख्य 1980 पासूनचं. नागपूरची जोडी युरोपीय संघानं जर्मनीतल्याच कार्ल्सरूएशी लावून दिली. ते शहर रेल्वेच्या रुळांवरून ट्राम चालवण्यासाठी नावाजलेलं. उष्माघाताचा आराखडा तर असाच फिरत आला. मे 2010 च्या लाटेत अहमदाबादेत माणसं पटापट गेली, मग 2013 मध्ये तिथल्या महापालिकेनं गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेची एनआरडीसी ही पर्यावरण संस्था यांना हाताशी धरून इशाऱ्यांचा, दवाखान्यांच्या तयारीचा आराखडा केला. 2016 मध्ये नागपूरनं आपला केला.

"म्हंजे अमेरिकेची अक्कल गुजरातेतून नागपुरात आली," काकू म्हणाल्या. "चंद्रपुरात येवाले तिले गाडी भेटली नाई का?"

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी सुपातला मोह आमच्या बाजूच्या उन्हात सरकवला आणि बोलल्या त्या थेट मेंढ्यावर आल्या. मेंढा (लेखा) त्यांच्या माहेरच्याच तालुक्यात. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलात केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर आपल्याच बांबूला फॉरेस्टवाल्यांची चिठ्ठी लागायची.

"आमच्याकडं झाड लावाले कोनी येऊ नये," वहिनी म्हणाल्या. "झाडं आहेतच. राखली म्हनून आहेत. याचं असंल त ग्रामसभेत येऊन बसावं. तिथं हात वर करून मत नाई मोजत. एक जरी मानूस नाई म्हनला, त विषय पुढं जात नाई. आधी अभ्यास गटात बोला, मंग सभेत बोला. कलेक्टर असो का गोरा साहेब."

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचं मी त्यात भरीला घातलं. 2012 मध्ये त्यांना हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला, आणि सभेनं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. कारण त्यापायी फांद्या छाटतात, रानाला आगी लावतात. हातातोंडाशी आलेला पैसा गावानं सोडला आणि बांबूवर भागवलं. परदेशातल्या कुठल्या नगरपालिकेनं हवामानासाठी असा रोख पैसा सोडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. स्कॉटलंडनं 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेवेळी गरीब देशांच्या नुकसानीसाठी 20 लाख पौंड कबूल केले, तेव्हा असा शब्द देणारं ते पहिलं सरकार ठरलं. रक्कम जगाच्या मानानं चिल्लर. तरी मला ते आवडलं, कारण त्यात उपकाराची भाषा कमी आणि देण्याची जास्त होती.

"मंग पाचगावानं वेल्सवाल्यांना शिकवावं," काकू म्हणाल्या.

"तेच म्हनते मी. म्बालेवाल्यांना कोनी विचारलं का, कोनतं झाड पाहिजे म्हनून? विचारलं असंल त चांगली गोष्ट आहे. जावयाले विचारा."

काकूंनी तिथल्या तिथं फोन लावला. तिकडे पहाट होती. लेकीनं झोपेतच उचलला. आईनं झाडाची जात विचारली, तर तिला वाटलं आईची तब्येत बिघडली. शेवटी जावई आले. नीट काही त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण हिवाळ्यात येऊ तेव्हा कौन्सिलात काम करणाऱ्या एका मित्राला सोबत आणतो म्हणाले, त्याला ताडोबा पाहायचा आहे.

"हिवाळ्यात नका आणू," काकू म्हणाल्या. "वाघासाठी सगळेच हिवाळ्यात येतात. मे महिन्यात आणा. दुपारी बाराले बल्लारशा स्टेशनावर उतरवा, अन् रातच्याले वहिनीच्या माहेरी ग्रामसभेत बसवा. टोपी मी देतो म्हनून सांगा."