सगळी मेमरी मूव्हेबल झोनला!

चालू सर्व्हरला वाढीव मेमरी जोडली, की ती सगळीच्या सगळी मूव्हेबल झोनला देऊन मोकळे व्हावे, हा विचार फार थोर आहे. त्याची स्तुती करायला कुणी पुढे आले नाही, याची खंत वाटते.

लिनक्समध्ये नवा ब्लॉक ऑनलाइन करताना त्याचा झोन ठरतो. नॉर्मल झोनमध्ये कुणीही राहू शकते: प्रोग्रामचा डेटा, फाइलींची कॅश आणि कर्नलचे स्वतःचे स्लॅब व पेज टेबलही. कर्नलची ही पेजेस सहसा जागची हलत नाहीत. त्यातले एकच एखाद्या ब्लॉकमध्ये ठाण मांडून बसले, तरी तो ब्लॉक काढून घेता येत नाही. मूव्हेबल झोनमध्ये मात्र हलवता येणाऱ्या पेजेसनाच प्रवेश. म्हणजे दिलेली मेमरी उद्या परत मागता येते. इतकी सोय हाती असताना कर्नल कुठे राहील, हे कशाला विचारायचे?

हिशेबी लोक विचारतातच. प्रत्येक ४ केबीच्या पेजमागे कर्नल साधारण ६४ बाइटांची नोंद ठेवतो, म्हणजे १ टीबी वाढवली की १६ जीबी नोंदींतच जाते. ती नोंद नव्या मेमरीतच ठेवण्याची सोय मुद्दाम चालू केली नसेल, तर तिला जागा जुन्या, कर्नलच्या वाट्याच्या मेमरीतूनच द्यावी लागते. १६ जीबीच्या मशीनला १ टीबी जोडणाऱ्याच्या औदार्याला म्हणूनच सीमा नाही.

पुढचे वैभव तर पाहण्यासारखे. कोठारे धान्याने भरलेली आणि मालकच उपाशी! शेकडो जीबी रिकामी असूनही पेज टेबलाला जागा मिळत नाही. मग ओओएम किलर येतो आणि सर्वांत जास्त मेमरी वापरणाऱ्याला मारतो. तो बहुधा डेटाबेसच असतो.

२०१७ पर्यंत कर्नलच या थोरपणाच्या आड येई. नॉर्मल झोनच्या टोकाचाच ब्लॉक मूव्हेबल करता येत असे. ४.१३ आवृत्तीने ती आडकाठी काढली. पुढे ५.१५ मध्ये कुणीतरी प्रमाणाचा विषय काढलाच: ऑटो-मूव्हेबल धोरणात मूव्हेबल मेमरी कर्नलच्या मेमरीच्या ३०१ टक्क्यांवर, म्हणजे साधारण तिपटीवर, जाऊ देत नाहीत. ही मर्यादा मूळ धोरणात लागू नसते, ती आपण निवडावी लागते. थोरांना अजून वाव आहे.

जी मेमरी कधीच काढायची नाही, ती कर्नलला द्या. बाकीची मूव्हेबल करण्याआधी प्रॉकमधली झोनइन्फो फाइल उघडा आणि नॉर्मल झोनमध्ये किती पेजेस उरली आहेत ते पाहा.