वारावाटपाची नियमावली

(सावंतवाडी आणि पंचक्रोशीतले घरमालक, त्यांचे मुंबईकर भाऊ आणि या दोघांनाही न विचारता सल्ला देणारे शेजारी यांच्यासाठी)

उद्दिष्ट

घरात डक्ट टाकून, किंवा टाकलेली सुधारून, खोल्याखोल्यांत हवा नीट पोचवणे हा या नियमावलीचा हेतू आहे. यंत्रातून निघालेली गार हवा छताआडून घरभर फिरवणारी पत्र्याची किंवा लवचीक नळी म्हणजे डक्ट. सावंतवाडीत ती अजून घरोघर पोचलेली नाही, पण दिवस बदलताहेत. मुंबईकर भाऊ पूर्वी कोकणकन्येच्या साध्या डब्यातून घामाघूम होऊन मळगावच्या स्टेशनात उतरायचा, तेव्हा त्याला गावचं घर गार वाटायचं. आता तो मोपाच्या विमानतळावर उतरतो. तिथल्या गारव्यातून गाडीच्या गारव्यात आणि गाडीतून थेट माजघरात येतो, शर्टाची दोन बटणं काढतो आणि विचारतो, ‘‘घरात वारो कसो नाय रे?’’

या प्रश्नाला ‘‘खळ्यात जावन बस, थंय आसा’’ असं उत्तर देऊ नये. प्रश्न तांत्रिक आहे. उत्तरही तांत्रिक आणि शक्यतो खर्चिक असावं, म्हणजे भाऊ अर्धे पैसे देतो.

साहित्य

उदबत्तीचा पुडा, एक. वहीचे कागद, चार. शिडी. कौलांवर चढू शकणारा एक माणूस आणि खाली उभं राहून त्याला पाय कुठे ठेवावा ते सांगणारे पाच (हे आपोआप येतात). सांधे लिंपायला मॅस्टिक नावाचा घट्ट लेप, आवश्यकतेनुसार.

डक्ट टेप आणू नये. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ साली सांधे बंद करण्याच्या निरनिराळ्या साधनांची परीक्षा घेतली, तेव्हा तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत सगळ्यांत आधी हार मानली ती कापडी डक्ट टेपने. ती टेप फुटलेली बादली, सुटलेली चप्पल आणि रिमोटचं झाकण यांसाठी उत्तम आहे. डक्टला लावू नये.

कृती १ : घरात डक्ट आधीच आहे का, ते पाहा

जुनं चिरेबंदी कौलारू घर असेल तर त्यात डक्ट शोधत बसू नका, तुम्ही तिच्या आत उभे आहात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा निघतो आणि वेंगुर्ल्याकडून वर चढत येतो. रात्री जमीन निवली की उलट दिशेने मतलई वारा सुटतो. या दोघांना घराच्या पुढच्या आणि मागच्या दाराची ओळख असते. पडवीच्या खाली उतरलेल्या छपराखालून हवा आत शिरते, माजघरातून जाते आणि मागील दाराने बाहेर पडते. उरलेली गरम हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. तिला पंखा लागत नाही, कारण तापलेली हवा हलकी होते आणि वर जायला वाट मिळाली की खालून गार हवा ओढून घेते. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर चढली. त्यांच्याआधीच्या नळ्यांच्या छपरांतही फटी होत्याच. त्यांना कुणी यंत्रणा म्हटलं नाही, ‘गळकं छप्पर’ म्हटलं.

आता चाचणी. पेटती उदबत्ती दारात, खिडकीत, जिन्यावर आणि कौलांखाली धरा. धूर कुठे जातो ते कागदावर बाणाने दाखवा. सरळ आडवा गेला तर वारा वाहतो आहे. वर ओढला गेला तर छप्पर काम करतं आहे. जागच्या जागी घुटमळला तर आत यायला वाट आहे, जायला नाही. या तिसऱ्या जागेवर फुली मारा. पुढचा सगळा खर्च त्या फुलीचा आहे.

कृती २ : घर नीट बंद करा

डक्टला बंद घर लागतं. म्हणून आधी कौलं उतरवून स्लॅब घाला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत परत करतो, त्यामुळे डक्टची गरज सिद्ध होते. मग लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचेच्या बसवा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्ध्या खिडकीचा. वर गवाक्षं होती ती बुजवा, तिथून पाली येतात. छताखाली पीओपी करा. आता उदबत्ती पुन्हा लावा. सगळ्या घरात धूर घुटमळला तर कृती २ यशस्वी झाली.

इथे प्रामाणिकपणे नोंदवावं लागेल की पश्चिमेची खिडकी उघडी ठेवणंही सोपं नाही. वारा ज्या दिशेने येतो त्याच दिशेने दुपारचं ऊन येतं आणि जूनपासून पावसाची झडही. जुन्या लोकांनी यावर खोल पडवी आणि बुटकी वळचण हा तोडगा काढला. वारा वाकून आत आला, पाऊस बाहेर राहिला आणि पाहुण्यांची डोकी वाशांना लागली. नवा तोडगा काचेचा आहे. त्यात डोकं लागत नाही, एवढाच फायदा.

कृती ३ : टन ठरवा

एसी घेताना ‘होऊ दे मोठाच’ असं म्हणू नये. सावंतवाडीत शत्रू उष्मा नाही, ओल आहे. पारा चाळिशीला क्वचित जातो, पण अंगावरचा घाम वाळत नाही म्हणून जीव जातो. एसीचा जन्मही ओलीच्याच भांडणातून झाला. १९०२ साली विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नेमका बसायचा नाही, ही तक्रार होती. माणसं गार करायची कल्पना नंतरची. चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांना हा इतिहास सांगायला जाऊ नका. ओलं लाकूड रंग धरत नाही, हे त्यांना ब्रुकलिनहून कळलेलं नाही.

गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि थांबतो. ओल शोषून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. परिणामी खोली गार आणि दमट होते, आणि उशीला जुलैचा वास येतो. खोलीचं माप, ऊन आणि माणसं पाहून टन ठरवा. एका टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा फिरवावी लागते. डक्ट अरुंद असेल तर दोन टनांचा एसी पावणेदोन टनांचा आवाज करतो आणि एका टनाचं काम करतो.

तारांकित एसी २०२० पासून सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतात. भाऊ पहिल्या मिनिटात त्याला १८ वर आणील. आणू द्या. १८ लावल्याने वारा अधिक गार येत नाही, यंत्र फक्त उशिरा थांबतं. हे त्याला बिल आल्यावर समजवावं, कारण तेव्हा तो मुंबईत असतो.

कृती ४ : डक्ट माळ्यावरून न्या

माळा (स्लॅब घातला असेल तर पीओपीच्या वरची पोकळी) ही घरातली सगळ्यांत तापलेली जागा, म्हणून गार हवा नेमकी तिथूनच नेण्याची प्रथा आहे. काही पथ्यं पाळा.

लवचीक नळी ताणून बसवा. ढिली सोडलेली नळी पोटात झोल देते, वळणावर मुरडते आणि वारा अर्ध्या वाटेत बसतो. वळणं कमी ठेवा, ठेवाल ती मोठ्या घेराची ठेवा.

नळीला उष्णतारोधक वेष्टण हवंच, आणि त्यावर ओल आत न जाऊ देणारा थरही. आत बारा-चौदा अंशांची हवा आणि बाहेर कोकणातला ऑगस्ट अशी गाठ पडली की उघडा पत्रा माठासारखा पाझरतो. मग पीओपीवर डाग पडतो. हा डाग डक्टचा की पावसाचा यावर घरात दोन पक्ष पडतात आणि पावसाळा सरेपर्यंत निकाल लागत नाही.

सांधे मॅस्टिकने लिंपा. अमेरिकेत घरोघर डक्ट आहेत आणि तिथल्या सरकारी ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमाच्या अंदाजाने सर्वसाधारण घरात त्यांतली २० ते ३० टक्के हवा गळून वाया जाते. म्हणजे चार खोल्यांचं बिल भरून एक खोली उंदरांना द्यायची. आपल्याकडे उंदीर आले की धामण येते आणि धामण आली की शेजारी येतात. म्हणून नळीची तोंडं बारीक जाळीने बंद करा.

कृती ५ : परतीची वाट ठेवा

सगळ्या नियमावलीत हे एकच कलम पाठ करण्यासारखं आहे. खोलीत हवा ढकलायची तर तितकीच हवा खोलीतून निघाली पाहिजे. डक्टवाले त्याला रिटर्न म्हणतात, आजी त्याला मागील दार म्हणते. सूनबाईच्या खोलीत गार हवेची जाळी आहे, पण दार घट्ट बंद आणि दाराखाली फट नाही. मग हवा आत यायला तयार नसते, आणि दोष यंत्राला जातो. दाराखाली बोटभर फट ठेवा किंवा दारावर झरोका करा. बिनडक्टच्या घरालाही हेच लागू. समोरासमोर दोन छोट्या खिडक्या एका भल्यामोठ्या खिडकीला हरवतात.

एक्झॉस्ट पंखा लावणाऱ्यांनीही हे वाचावं. तो हवा बाहेर फेकतो, म्हणजे कुठून तरी आत ओढतो. घर गच्च बंद असेल तर तो ती न्हाणीच्या मोरीतून ओढतो. मग घरात येतो तो वारा खरा, पण त्याचं गाव ओळखू येतं.

कृती ६ : वाटप तपासा

डक्टच्या फाट्यांवर डॅम्पर नावाची झडप असते. कुणाला किती वारा, ते ती ठरवते. प्रत्येक जाळीपुढे कागदाची पट्टी धरून नोंद करायची आणि झडपा कमीजास्त करायच्या, हा कामाचा शेवटचा आणि बहुधा वगळला जाणारा टप्पा. तो वगळू नये म्हणून नमुना नोंद देत आहोत. ती डक्ट नसलेल्या घरातही जशीच्या तशी सापडते.

*ओटी* : मोठं दार, दोन खिडक्या, छताचा पंखा, वर टेबलफॅन. लाभार्थी : घरमालक आणि आला-गेला. चालू काम : पेपर वाचून मतं मांडणे. वारा : भरपूर.

*माजघर* : ओटीवरून उरलेला. लाभार्थी : जेवणारे. वारा : बरा.

*देवघर* : समई विझू नये म्हणून वारा वर्ज्य. तक्रार : नाही.

*स्वयंपाकघर* : मागच्या अंगाला एक खिडकी, तिच्यापुढे फ्रिज. लाभार्थी : सकाळी सहापासून एकच व्यक्ती. पट्टी हलली नाही.

जुनं घर वाऱ्याचं शास्त्र जाणत होतं हे खरं, पण ते शास्त्र ओटीवर सुरू होऊन माजघरात संपायचं. चुलीपाशी धूर होता, आणि विचारलं तर उत्तरही तयार होतं, ‘‘हय वारो इलो तर इस्तो विजतलो.’’ पुढे गॅस आला, धूर गेला. उकाडा राहिला आणि कारणही राहिलं, कारण पंख्याखाली गॅसची ज्योतही फडफडते. आता डक्टचा आराखडा आला की त्यात हॉल, दोन बेडरूम आणि पाहुण्यांची खोली असते. स्वयंपाकघराला जाळी नसते. विचारलं तर सांगतात, थंड हवा फोडणीला वाया जाते.

तांत्रिक उपाय सोपा आणि स्वस्त आहे. शेगडीच्या वर, शक्य तितक्या उंचावर, बाहेर फेकणारा पंखा. समोरच्या भिंतीला खाली झरोका किंवा उघडणारी खिडकी, म्हणजे वारा स्वयंपाक करणारीच्या पाठीवरून येतो आणि ज्योतीच्या डोक्यावरून निघून जातो. फ्रिज हलवा. त्याची पाठ गरम हवा सोडते, त्यामुळे खिडकीला त्याचाही उपयोग नाही आणि त्याला खिडकीचाही.

नेहमीच्या तक्रारी

*वीज गेली.* डक्ट ही त्या क्षणापासून माळ्यावर टांगलेली नळी आहे. खिडकी उघडा. उघडत नसेल तर कृती २ कुणी केली ते आठवा.

*घर दहा महिने बंद असतं, उघडलं की बुरशीचा वास येतो.* ओलसर डक्ट बंद घरात ठेवली की वास साठवते. गणपतीआधी जाळ्या आणि फिल्टर धुऊन वाळवा. पावसाळ्यात शेजाऱ्याकडे चावी द्या आणि उघडीप पडली की दारं उघडायला सांगा. शेजारी आपल्या मताप्रमाणे बाकीचं पाहील.

*पाहुणे म्हणतात, मोती तलावाच्या काठी याहून छान वारा आहे.* बरोबर आहे. तो कुणाच्याही डॅम्परवर अवलंबून नाही.

काम पूर्ण झाल्याचा दाखला

चाचणी मे महिन्यात, दुपारी साडेअकरा ते साडेबारा या वेळेत घ्यावी. ओटीवर घेतलेली चाचणी ग्राह्य धरली जाणार नाही. एका शेगडीवर भाताचा टोप, दुसरीवर माशाची आमटी आणि तिसरीवर घावण्यांचा तवा चढवावा. घरमालकाने स्वतः उभं राहून वीस घावणे काढावेत. मध्ये ‘वारो खावन येतंय’ म्हणून बाहेर गेल्यास यंत्रणा नापास समजून कृती ५ पासून पुन्हा सुरुवात करावी.

विसावा घावणा उतरल्यावर दाखल्यावर सही घ्यावी. सही रोज तिथे उभी राहणारीची लागेल. घरमालकाची चालणार नाही. भावाची साक्षीदार म्हणून चालेल, मात्र घावणे गार व्हायच्या आत त्याने वाढायला उठायचं आहे.