आमच्याकडे नवरंग आला होता

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या सोसायटीत एक तरी पक्षीकाका असतातच. नसतील, तर कुणीतरी लवकरच निवृत्त व्हायचं बाकी आहे असं समजावं. सलीम अलींची सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या एका चिमणीपासून झाली. ती चिमणी कुठली, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या काकांची सुरुवात बँकेतल्या निरोपसमारंभात मिळालेल्या दुर्बिणीपासून झाली. शाल काकूंनी कपाटात टाकली, नारळाच्या वड्या झाल्या आणि दुर्बीण गळ्यात पडली ती कायमची. काका कोथिंबीर आणायलासुद्धा ती घालून जातात.

बाग म्हणावी तर एक पेरू, एक पपई, जास्वंदीच्या चार काठ्या आणि कुंपणाला चिकटून माजलेला कढीपत्ता. आता पेरू पोपटांचा, पपई बुलबुलांची, जास्वंद शिंजिराची. कढीपत्त्याची काळी फळं कोकिळांसाठी राखीव असल्यामुळे फोडणीला चार पानं हवी असली तरी काकूंना अर्ज करावा लागतो. दारात पपई लगडलेली असताना काकू मंडईतून पपई विकत आणतात आणि ती पिशवीतून लपवत आणतात, कारण लोक विचारतात.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर लालबुड्या बुलबुलांच्या जोडीने व्हरांड्यातल्या मनीप्लांटमध्ये वाटीएवढं घरटं केलं आणि पुढचा दरवाजा बंद झाला. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. ते होईस्तोवर दूधवाला, पेपरवाला आणि प्रत्यक्ष जावई मोरीकडच्या दाराने आत आले. "हळू बोला, ती बसलीय, उगाच चिडेल," असं काकांनी कानात सांगितल्यावर जावयाने आधी सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं.

शिंजिराचं प्रकरण तर घराबाहेर गेलं. विणीच्या दिवसांत या पक्ष्याच्या नराला आरशातला स्वतःचा अवतार म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो आणि तो आरशावर चोची मारमारून दमतो. अंगठ्याएवढा जीव, पण तावातावाने भांडणारा. काकांनी आपल्या स्कूटरच्या आरशांना जुने मोजे चढवले. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या कोऱ्या गाडीच्या आरशांवरही मोजे दिसले, एक निळा आणि एक करडा. शेजारी तणतणत आले तेव्हा काका कळवळून म्हणाले, "अहो, तुमच्या गाडीमुळे त्याला किती मनस्ताप होतोय, बघा तरी!"

काका फोटोही काढतात. सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर आंब्याच्या पानांचा एक फोटो येतो, त्यात लाल बाण असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "पानामागे शेपूट. सुप्रभात."

आपल्याला सगळे पक्षी सारखे, असं काका म्हणतात. पण पंगत मानपानाप्रमाणेच बसते. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग पहिल्या पाटावर. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, म्हणून तो शासकीय पाहुणा. भारद्वाज दिसला की काका विज्ञान क्षणभर बाजूला ठेवून हात जोडतात. साळुंक्या आणि कलकलाट करणारे सातभाई घरचेच, त्यांना उरलंसुरलं चालतं. कबुतर हा पक्षी नाहीच, तो उपद्रव; त्याच्यासाठी बाल्कनीला जाळी आहे. आणि कावळ्यासाठी दाराआड काठी.

कोकिळेबद्दल मात्र काका तासभर बोलतात. कुहूकुहू करतो तो काळाभोर नर, मादी ठिपक्याठिपक्यांची, आणि अंडी घालायची ती कावळ्याच्या घरट्यात. "मग कावळ्यांना हाकललंत तर तिने बाळंतपणाला जायचं कुठे?" असं काकूंनी एकदा डाळ निवडता निवडता विचारलं. काका त्या दिवशी बराच वेळ दुर्बिणीच्या काचा पुसत होते.

समोरच्या बंगल्यातले निवृत्त प्राध्यापकही याच पंथाचे. दोघांत वैर नाही, पण जून महिना कठीण जातो. "आमच्याकडे नवरंग आला होता," असं काका फाटकाशी म्हणाले, की प्राध्यापक शांतपणे सांगतात, "हो, आमच्याकडूनच गेला तो." सामाईक भिंतीवर बसणारा दयाळ नक्की कुणाचा, यावर अजून तोडगा निघालेला नाही. बसतो आमच्या भिंतीवर, पण शेपूट तुमच्याकडे.

खरी पंचाईत भाद्रपदात झाली. काकांच्या वडिलांची तिथी. गच्चीवर पान मांडलेलं, त्यावर खीर, वडे, आमसुलाची चटणी. काका सोवळं नेसून आणि दुर्बीण घालून कठड्याशी उभे, आणि "काव, काव" असं स्वतःच ओरडताहेत. कावळा येईना. कावळे त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात, हे अमेरिकेत प्रयोग करून दाखवलं गेलंय, ही माहिती काकांनीच मागे ग्रुपवर टाकली होती. पुण्याच्या कावळ्यांनी प्रयोगासाठी थांबायचं कारणच नव्हतं.

अर्धा तास झाला. वडे गार झाले. पाहुण्यांच्या पोटात खरे कावळे ओरडायला लागले. काकूंनी "सकाळी ती काठी..." असं म्हणायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. एवढ्यात पिंपळावर हरियलांचा थवा उतरला, पण काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते दुर्बिणीतून समोरची गच्ची बघत होते. तिथे प्राध्यापकांच्या कठड्यावर दोन धष्टपुष्ट कावळे शिळी पोळी खात बसले होते.

प्राध्यापकांनी हात हलवला.

"आमच्याकडे आलेत हो," ते ओरडले, "एक पाठवू का?"